लाइट-साउंडवाल्या मामांची सेवा: ‘मॅकबेथ’चा दुसरा अंक आणि जुन्या वाड्याचा दरवाजा

आमच्या हौशी मंडळाने २०२५ च्या जानेवारीत शेक्सपियरचं ‘मॅकबेथ’ केलं. त्यासाठी लाइट, साउंड आणि थोडंफार नेपथ्य या मामांकडून भाड्याने घेतलं होतं. रंगीत तालीम आणि प्रयोग असे दोन दिवस धरून, टेम्पो आणि दोन माणसं धरून, साडेनऊ हजार रुपये झाले. तीन हजार आधी, बाकी प्रयोगानंतर. इतके दिवस लिहायचं राहून गेलं. परवा तालमीला आलेल्या एका मुलाने विचारलं, “ताई, लाइट कुणाकडून घ्यायची?” त्याला तोंडी सांगितलं, पण पाच मिनिटांत सांगून होण्यासारखं ते नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सहकारी बँकेत काम करते आणि बावीस वर्षं संध्याकाळी नाटक करते. माझं पहिलं नाटक कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात झालं. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं ते पॅलेस थिएटर, शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री मी रस्त्यावर उभी राहून ते बघितलंय. त्याबद्दल इथे जास्त लिहवत नाही. सांगायचं एवढंच, की त्यानंतर आमचा प्रयोग एका कॉलेजच्या सभागृहात ठरला. तिथे स्टेज होतं, पडदा होता, आणि लाइट म्हणजे छताला चार ट्यूब. म्हणजे सगळं बाहेरून आणणं आलं.

आधी दुसरीकडे चौकशी केली होती. तिथे चौदा हजार सांगितले आणि नाटक कुठलं आहे हेसुद्धा विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी आणखी एकाकडून सामान घेतलं होतं. आईचा मृत्यू आहे त्या प्रसंगात त्यांच्या लॅपटॉपमधून कुठल्या तरी मेसेजचा टुंग असा आवाज अख्ख्या हॉलभर गेला. पुढच्या रांगेतली दोन मुलं हसली आणि आमच्या नटीने रडता रडता डोळे मिटून घेतले. तो प्रसंग मी अजून विसरलेले नाही. त्यामुळे या वेळी फोनवर दर ठरवण्याआधी दुकानात जाऊन माणूस बघायचा, असं ठरवलं होतं.

दुकान शिवाजी पेठेत गल्लीच्या आतल्या बाजूला आहे. पुढे रोलिंग शटर, आत दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक, त्यावर पार आणि फ्रेनेल अशा स्टेजच्या लाइट, वायरींची वेटोळी, आणि सरळ पसरून ठेवलेले, लाइटपुढे लावायचे जिलेटिनचे रंगीत कागद. जिलेटिन बहुतेक ठिकाणी चुरगाळून पोत्यात कोंबलेलं असतं. इथे प्रत्येक रंगाच्या मध्ये वर्तमानपत्र घातलं होतं. मामा साठीच्या पुढचे असतील. दिवसा उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर असायचे, आता ते काम सोडलंय आणि हेच करतात.

मी यादी घेऊन गेले होते. लाल लाइट, स्मोक मशीन, गडगडाटाचा ट्रॅक, घुबडाचा ट्रॅक, छातीच्या ठोक्यांचा ट्रॅक. मामांनी वहीत सगळं उतरवून घेतलं आणि विचारलं, “खून दिसतोय का स्टेजवर?”

म्हटलं, नाही. खून आत होतो. बाहेर फक्त बायको उभी असते.

“मग लाल लाइट कुणावर मारायची?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मामांनी संहितेची झेरॉक्स मागितली. बावीस वर्षांत लाइटवाल्याने संहिता मागितलेली मी पहिल्यांदा बघितली.

आता तो प्रसंग थोडा सांगायला हवा, त्याशिवाय या सेवेत काय मिळतं ते कळणार नाही. राजा डंकन मॅकबेथच्या किल्ल्यात पाहुणा म्हणून आलाय आणि रात्री झोपलाय. त्याच्या पहारेकऱ्यांच्या पेयात लेडी मॅकबेथने गुंगीचं औषध घातलंय. घंटा वाजते, ती खुणेची घंटा ऐकून मॅकबेथ डंकनचा खून करायला आत जातो. दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश सुरू होतो तेव्हा बाई एकटी उभी आहे आणि ऐकते आहे. मग तो बाहेर येतो, काम झालेलं असतं. दोघं बोलतात, ती पुन्हा आत जाते, आणि दाराबाहेरून कुणी तरी ठोठावायला लागतं. सात-आठ मिनिटांचा प्रवेश. नाटकाचा कणा इथेच मोडतो. याच्या आधी परत फिरता येत होतं, पुढे येत नाही. आणि गंमत म्हणजे ज्या गोष्टीसाठी एवढं सगळं, ती गोष्ट प्रेक्षकाला दिसतच नाही. त्याला ती त्या बाईच्या कानांनी ऐकायची असते.

मला हे वाचून माहीत होतं. तरी माझ्या यादीत पाच आवाज आणि धूर होता. न दिसणारी गोष्ट मीच दाखवायला निघाले होते.

दोन दिवसांनी मामा तालमीला आले. आम्ही एका शाळेच्या वर्गात तालीम करतो. मागच्या बाकावर बसून त्यांनी तो प्रवेश सलग तीनदा बघितला, एक शब्द बोलले नाहीत. जाताना बाहेर चपला घालताना म्हणाले, “ताई, लाल लाइट लावली की लोकांना कळतंय खून झाला. एकदा कळलं की माणूस टेकून बसतंय. आपल्याला टेकू द्यायचं न्हाई.”

त्यांनी आधी अंधाराचं विचारलं. त्या काळी लाइट कुठली होती? मी सांगितलं, की शेक्सपियरच्या ग्लोब थिएटरला मधल्या भागावर छप्पर नव्हतं आणि खेळ दुपारी उन्हात व्हायचे. ‘मॅकबेथ’ साधारण १६०६ चं धरतात. म्हणजे ही रात्र भर दुपारी उभी करायची होती. म्हणून खुनाच्या आधीच्या प्रवेशात बँको, मॅकबेथच्या बरोबरीचा सरदार, आपल्या मुलाला विचारतो, रात्र किती झाली? मुलगा म्हणतो, चंद्र मावळलाय, पण घड्याळाचे ठोके ऐकले नाहीत. बँको म्हणतो, आज आकाशातसुद्धा काटकसर दिसते, सगळे दिवे मालवलेत. हातात मशाल असते तेवढीच. अंधार शब्दांत आहे.

हे ऐकून मामांनी वहीतले पार लाइट निम्मे केले. स्मोक मशीनवर आडवी रेघ मारली. भाडं स्वतःहून कमी केलं, हेही इथे नोंदवते.

एलईडी लावायची नाही, हा त्यांचा दुसरा हट्ट. त्यांच्याकडे नव्या एलईडी आहेत, हलक्या आहेत, वीज कमी खातात, तापत नाहीत. पण त्या खाली आणत नेल्या की शेवटच्या टप्प्यात पटकन विझतात. हॅलोजनची तार हळूहळू थंड होते, त्यामुळे उजेड कमी होताना आधी पिवळा, मग नारिंगी होत होत जातो, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. दुकानात त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवल्या. मी भिंतीकडे बघत होते. एलईडी कधी गेली ते कळलं, हॅलोजन कधी गेली ते सांगता आलं नाही. बाई एकटी उभी राहून ऐकते तिथे हा उजेड दोन मिनिटांत इतका सावकाश उतरवला, की प्रेक्षक नकळत पुढे झुकत गेले. त्यांना वाटलं असेल आपल्यालाच नीट दिसत नाही.

घुबडाचा ट्रॅक काढून टाकला. संहितेत ती म्हणते, थांब, ऐक, घुबड ओरडलं. फाशीच्या आदल्या रात्री घंटा वाजवत येणाऱ्या माणसाची उपमा ती त्या घुबडाला देते. आम्ही तिथे नुसती शांतता ठेवली. ती वळते, मान थोडी तिरकी करते, आणि आपण तिच्या चेहऱ्यावर ते घुबड ऐकतो. आपल्याकडे पिंगळा ओरडला की आजही घरातलं बोलणं क्षणभर थांबतं. तो आवाज प्रत्येकाच्या कानात आधीच आहे, स्पीकरमधून आलेला त्याच्यापुढे उपराच वाटला असता.

आणि घंटा. याचं श्रेय पूर्णपणे मामांचं. सभागृहात विजेची कर्कश बेल होती. मामांनी पितळेची घंटा आणली आणि विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या आडोशात, टांगली. पहिली, दुसरी, तिसरी घंटा त्याच घंटेवर दिली. नाटक बघणाऱ्या माणसाला तिसरी घंटा काय असते हे सांगावं लागत नाही. बोलणं थांबतं, मोबाइल आत जातो, कुणी तरी खोकून घेतं. पाऊण-एक तासाने मॅकबेथ अंधारात एकटा उभा असताना तीच घंटा, त्याच सुरात, एकदाच वाजली. अख्खा हॉल एका क्षणात गप्प झाला. तो गप्पच होता, पण हे गप्प होणं वेगळं होतं. ती सवयीने आलेली शांतता होती, तिसऱ्या घंटेनंतरची. मॅकबेथ म्हणतो, ही घंटा मला बोलावते आहे. मी विंगेत उभी होते, माझ्या अंगावर काटा आला. आपणही त्याच घंटेवर आत आलो होतो.

आता खंजीर. तो बाहेर येतो तेव्हा त्याच्या हातात दोन खंजीर असतात. ते पहारेकऱ्यांजवळ ठेवून यायचं ठरलं होतं, घाबरून तो ते घेऊनच आलाय. शेक्सपियरने काय केलंय बघा. बाईला ते लगेच दिसत नाहीत. तीसेक ओळी ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत बोलते. तो सांगतो, आत कुणी तरी झोपेत हसलं, कुणी ओरडलं, कुणी प्रार्थना केली, आणि मला ‘आमेन’ म्हणता आलं नाही, शब्द घशात अडकला. सांगतो, की आवाज आला, आता झोप नाही, मॅकबेथने झोपेचाच खून केला. ती समजावते, एवढा विचार करू नकोस, वेड लागेल. आणि या सगळ्या वेळात प्रेक्षकाला ते खंजीर दिसत असतात. त्याला माहीत आहे, तिला माहीत नाही. ओरडून सांगावंसं वाटतं आणि सांगता येत नाही.

आमचे खंजीर लाकडाचे, वर चंदेरी रंग. मामांनी एक हातात घेतला, लाइटपुढे धरला आणि परत दिला. “रंग चमकत न्हाई ताई, पांढरा दिसतोय नुसता.” उद्यमनगरातल्या जुन्या ओळखीच्या वर्कशॉपमधून त्यांनी पोलादी पट्टीचे दोन करून आणले. धार पूर्ण बोथट केलेली, टोक गोल केलेलं, पण पॉलिश आरशासारखं. मग एक स्पॉट विंगेत कमरेच्या उंचीवर, आडवा. त्याचा उजेड चेहऱ्यावर जात नव्हता, फक्त हातांवर. नट बोलताना हात थोडेसे थरथरले की पात्यावरचा उजेड मागच्या पडद्यावर सरकायचा. तेवढाच. तिसऱ्या-चौथ्या रांगेतून एका बाईंचा दबका आवाज स्पष्ट ऐकू आला, “अगं, हातात बघ की त्याच्या!” त्या बाई कोण होत्या मला माहीत नाही. कुठलंही बक्षीस मिळालं असतं तरी मला एवढा आनंद झाला नसता.

संवादांचा वेग हा नटांचा भाग, पण तिथेही मामांचा हात लागला. तो बाहेर आल्या आल्या दोघं एकेक शब्द बोलतात. “बोललास तू?” “कधी?” “आत्ता.” “उतरताना?” “हो.” काळजीने बोलणारी माणसं पूर्ण वाक्यं बोलत नाहीत. आम्ही तालमीत हे भराभर घ्यायचो, टेबल टेनिससारखं. रंगीत तालमीत मामा म्हणाले, प्रत्येक शब्दानंतर मला विंगेतून घुबड ऐकू येऊ दे. म्हणजे काय ते आधी कळलं नाही. मग दोघांनी प्रत्येक शब्दानंतर एक श्वास थांबून कान दिला आणि प्रवेश एकदम उभा राहिला. आपण बोललो ते आणखी कुणी ऐकलं का, ही भीती त्या थांबण्यात आली.

आता दरवाजा. खंजीर परत ठेवायला ती आत जाते, तो स्वतःच्या हातांकडे बघत एकटा उभा राहतो, आणि ठोठावण्याचा पहिला आवाज येतो. या प्रवेशात चार वेळा ठोठावलं जातं. डी क्विन्सी नावाच्या इंग्रज लेखकाने १८२३ साली एवढ्या एका ठोठावण्यावर निबंध लिहिलाय. त्याचं म्हणणं असं, की खुनाच्या वेळी बाहेरचं जग थांबलेलं असतं आणि ठोठावण्याने ते पुन्हा सुरू होतं. सुरू झालं की मगच मधला थांबलेला काळ किती भयंकर होता ते जाणवतं. मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे दार खरं पायजे.”

जुना वाडा पाडला तेव्हा कुणाकडून तरी घेतलेला सागवानी दरवाजा त्यांच्या गोदामात उभा होता. एकच पान, लोखंडी कडी, मागे आडवा अडसर. तो त्यांनी लाकडी चौकटीत बसवून विंगेच्या अगदी मागे, भिंतीपासून हातभर पुढे उभा केला. भिंतीला टेकवला तर आवाज मरतो, म्हणाले. ठोठावायला मूठ वापरून बघितली, कडी वापरून बघितली. मूठ पोचत नव्हती, कडी फारच जवळची वाटत होती. संहितेत दक्षिणेकडच्या दारावर ठोठावतात असं आहे, म्हणजे ते दार लांब हवं. शेवटी धुण्याची मोगरी घेतली आणि तिला गोणपाट गुंडाळलं. आवाज आधी पायाला कळला, मग कानाला. स्टेजच्या फळ्यांतून तो आला.

हे काम त्यांचा भाचा करतो, विशीतला मुलगा. त्याला मामांनी सेकंद मोजायचे नाहीत असं बजावलं होतं. नटाचे खांदे बघायचे. त्याने श्वास सोडायला घेतला की मारायचं, म्हणजे तो श्वास कधी पुरा होणार नाही. पहिला ठोका इतका हलका दिला, की दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळून सभागृहाच्या दाराकडे बघायला लागले. त्यांना खरंच कुणी तरी उशिरा आलंय असं वाटलं. दुसऱ्या वेळी वळायला कुणी उरलं नव्हतं. चौथ्याला मॅकबेथ म्हणतो, ठोठाव, उठव डंकनला, तुला ते जमलं तर किती बरं होईल. आमचा नट हे ओरडायचा. त्या दिवशी तो ते जवळजवळ पुटपुटला, कारण दरवाजाच इतका बोलत होता.

पुढच्या प्रवेशातल्या द्वारपालाला आम्ही रांगडी कोल्हापुरी भाषा दिली होती. लोक खूप हसले, आणि हसण्याच्या खाली ठोकणं चालूच होतं. तेवढ्या वेळात मॅकबेथला हात धुऊन, झगा बदलून परत यायला मिळतं, हा व्यवहाराचा भागही आहेच.

आता तक्रारी. रंगीत तालमीला सामान सव्वा तास उशिरा आलं. टेम्पो दुसऱ्या कामावर होता, आणि तो उशीर कळवायला फोन आला नाही. मी केलेले चार फोन उचलले गेले नाहीत. तेवढ्या वेळात पाच नट कामावर रजा टाकून स्टेजवर बसून होते. दुसरं, त्यांचा एक डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं यंत्र, जुना आहे आणि अर्ध्यावर आणला की गुणगुणतो. एरवी हे जाणवत नाही, पण हा प्रवेश शांततेवर उभा आहे. रंगीत तालमीत पहिल्या काही मिनिटांत सगळीकडे एक बारीक घूं ऐकू येत होतं. मी सांगितल्यावर त्यांनी रात्रीत तो डिमर विंगेतून उचलून बाहेरच्या पॅसेजमध्ये नेला आणि तिथून लांब केबल टाकली. प्रयोगात आवाज आला नाही. तरी सामान द्यायच्या आधी त्यांनी हे स्वतः बघायला हवं होतं, असं माझं मत आहे. बिल हाताने लिहिलेलं मिळतं आणि त्यात ‘लाइट साउंड संपूर्ण’ अशी एकच ओळ असते. संस्थेच्या हिशेबाला तपशीलवार हवं असेल तर आधी सांगा. या उशिरासाठी आणि डिमरसाठी मी एक तारा कमी दिलाय. लग्न, वाढदिवस, डीजे यासाठी मी त्यांच्याकडे कधी गेले नाही, त्याबद्दल बोलत नाही.

नाटकवाल्यांनी जाताना संहिता घेऊन जा आणि निदान एका तालमीला त्यांना बोलवा. त्याचे ते वेगळे पैसे घेत नाहीत, येण्याजाण्याचा खर्च तेवढा द्या. हॅलोजन हवे असतील तर स्पष्ट सांगा, कारण आता बाकी सगळे एलईडीच मागतात म्हणून तेही आधी तेच काढतात. वीज किती लागेल हेही आधी बोला. हॅलोजनचा भार जास्त असतो आणि आमच्या सभागृहात त्यासाठी वेगळी लाइन ओढावी लागली.

आणि दरवाजा भाड्याच्या यादीत नाही, तो नावाने मागावा लागतो. मोगरी त्याच्याबरोबर येते. गोणपाट मात्र आपलं न्यावं, आमचं पहिल्याच दिवशी फाटलं.